शोभेची काठी

आमच्या शाळेच्या गेटवरच्या गार्डला पहिले चार महिने मी इतिहासाच्या सरांची ड्रायव्हर वाटत होते. त्यात त्याची चूक नव्हती. सकाळी साडेसहाला माझी जुनी पांढरी गाडी गेटाशी थांबायची. तिचं मागचं दार आतून उघडत नसे (ते दुरुस्त करून आणायचं आमच्या घरात दोन वर्षं चाललं होतं), म्हणून मी उतरून ते उघडायची. मग आतून आधी एक काठी बाहेर यायची, तिच्यामागून चांदीच्या बकलाचा एक बूट, मग दुसरा, आणि शेवटी सर. गळ्याला तीन वेढ्यांचा रेशमी रुमाल, त्यात हनुवटी बुडालेली. अंगात मागून लांब असलेला गर्द हिरवा कोट. हा कोट दोह्यातल्या नजमा भागातल्या एका शिंप्याने चित्रात बघून शिवला होता आणि देताना विचारलं होतं, "साब, ये शादी में पहनना है के नाटक में?" दोह्याच्या सप्टेंबरात सकाळीसुद्धा गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. सर मात्र त्या कोटात कोरडेठाक.

पुढच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. "बाई, तुम्ही परक्या घरच्या. शेजारी बसणं बरं दिसत नाही," म्हणायचे. मी मान डोलवायची आणि आरशात बघत गाडी हाकायची. मी शाळेची लायब्ररियन, मूळची सांगलीची. आमच्या नात्यात कुठेही कार्य असलं की जेवणं झाल्यावर मला मध्ये बसवतात आणि दोह्याच्या गमती सांग म्हणतात. सरांची नक्कल करून मी बायकांना पोट धरून हसवलेलं आहे. पण ती अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी मी कुठे सांगितली नाही. गेल्या पावसाळ्यात ते रत्नागिरीला वारले, तसा निरोप त्यांच्या मुलीने पाठवला, म्हणून आता सांगते.

सरांकडे सात काठ्या होत्या. वाराला एक असा हिशेब नव्हता. दिवस कसा आहे ते बघून ते काठी निवडत. एक काजूच्या फांदीची, गाठीगाठींची, वाकडीतिकडी, गावाहून आणलेली. एक काळ्या शिसवीची. एक सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून घेतलेली बारीक वेताची, इथले म्हातारे कतारी लग्नात हातात धरून नाचतात तसली. त्या सूकमध्ये एकदा पांढऱ्या पायघोळ झग्यातल्या एका आजोबांनी सरांना थांबवून त्यांची काठी हातात घेऊन बघितली, तोलून बघितली आणि मान हलवून परत दिली. सर आठवडाभर त्याच तोऱ्यात होते. "या लोकांना कळतं. आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपण. काठी घेतली की लोक विचारतात, काय झालं हो? तिकडे पॅरिसमध्ये विचारायचे, कुठून घेतली हो?"

पॅरिस म्हणजे सरांचं पॅरिस. नववीच्या इतिहासाचा पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा. बाकीचे शिक्षक तो तीन आठवड्यांत उरकतात, सरांचा तो दिवाळीपर्यंत चालायचा. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं तर म्हणायचे, "मॅडम, राजाचं डोकं उडायलाच त्यांना चार वर्षं लागली. मी घाई कशी करू?"

मुलांना ते सांगत की क्रांतीच्या आधी तिथले सरदार कमरेला तलवार लावून फिरत. क्रांती झाली, तलवार म्हणजे जुन्या सत्तेची खूण झाली, आणि तलवारीच्या जागी हातात काठी आली. मग काठीवरून माणूस ओळखायला लागले. कुणाच्या काठीच्या मुठीत पाडलेल्या तुरुंगाच्या दगडाचा तुकडा, म्हणजे तो क्रांतीवाला. आणि ज्यांचा मुंडकी उडवण्याच्या दिवसांतून जीव वाचला होता, ती श्रीमंतांची पोरं दहशत संपल्यावर हनुवटी झाकेल एवढे रुमाल बांधून, गाठीगाठींच्या जाड काठ्या घेऊन रस्त्यावर उतरली. त्या काठ्यांनी ती विरोधकांना बडवतसुद्धा. "पण लक्षात काय ठेवायचं," सर म्हणत, "ती पोरं माजली म्हणून नटली नव्हती. घाबरलेला माणूसच इतका नटतो. काल ज्याची मान वाचली, तोच आज मानेला तीन वेढे देतो."

हे वाक्य मी शाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षी भिंतीपलीकडून ऐकलं. दुसऱ्या वर्षी त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला.

सगळ्यांत नामी काठी होती ती लाकडी मुठीची. मूठ लेथवर काढलेली, दिसायला साधी, बुद्धिबळातल्या प्याद्यासारखी गोल गोल चढत गेलेली. वर्गातले दिवे घालवून सर तिच्यावर मोबाइलचा टॉर्च मारत, आणि फळ्यावर एका जाड्या, गरुडनाकी माणसाच्या तोंडाची सावली पडे. राजाच्या बाजूच्या लोकांकडे अशा काठ्या होत्या, मारलेल्या राजाचा चेहरा मुठीत लपवलेल्या. रस्त्यात कुणाला संशय येऊ नये, आणि घरी मेणबत्तीशी धरली की राजा भिंतीवर. सरांनी चित्र देऊन नजमातल्या एका सुताराकडून ती करवली होती. सुताराला राजा काही माहीत नव्हता, त्यामुळे सावली थोडी आमच्या शाळेच्या सुपरवायझरसारखी आली होती. मुलं खुसखुसत, "सर, इट्स हिम, इट्स हिम." सर गंभीरपणे म्हणत, "हळू. असं ओळखल्याबद्दल तिकडे मान जात होती."

स्टाफरूममध्ये सर हा चेष्टेचा विषय होता. जुने लोक सांगत, आधी हा माणूस अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात यायचा, बोलायचाही कमी. दोन वर्षांपूर्वी एकदम हे सुरू झालं. बायको वारली होती, आमच्याच शाळेत बारावीत असलेली, स्कूल बसने येणारी एकुलती मुलगी आणि ते असे दोघंच घरात. डोक्यावर परिणाम झाला असावा असं लोक दबक्या आवाजात म्हणत आणि डबा उघडत. मीही म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

मग सप्टेंबरातली ती दुपार आली. शाळा सुटून मी त्यांना अल थुमामा भागात त्यांच्या बिल्डिंगपाशी सोडलं. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहत होतो. दोन वाजले होते. सर उतरले, काठी टेकत वॉचमनच्या खुर्चीपर्यंत गेले आणि तिथे उन्हातच उभं राहून त्याच्याशी गप्पा मारायला लागले. मी गाडी वळवायला मागे बघितलं तर मागच्या सीटखाली चांदीच्या बकलाचा एक बूट.

मी बूट घेऊन धावले. धावले म्हणजे माझ्या वजनाची बाई धावते तशी. डांबर इतकं तापलं होतं की चपलेतून चटका बसत होता. सर पाचेक मिनिटं तरी त्या फरशीवर उभे होते, एका पायात बूट आणि दुसऱ्यात पातळ रेशमी मोजा, आणि वॉचमनला काजूच्या लाकडाबद्दल सांगत होते. मी बूट पुढे केला. त्यांनी बुटाकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या पायाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

वॉचमनच्या खुर्चीत बसवून मी मोजा काढला. तळवा लाल झाला होता, टाचेपाशी फोड धरत होता. मी "अगंबाई" म्हटलं, आणि सर माझ्याकडे बघत होते, दुसऱ्याचा पाय बघावा तसे.

"कधीपासून?" मी विचारलं.

सरांचं मराठी रत्नागिरीच्या शाळेतलं, छापील. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची घरची भाषा बाहेर पडली. "दोन वरसा झाली. साखरेन नसा गेल्या. खाली जमीन हाय का नाय ता मना कळत नाय. काठी सांगते." मग माझा हात धरला. परक्या घरच्या बाईचा. "कुनाला सांगू नुको, बाय. पोरीला तर नुकोच नुको. मार्चात तिची बोर्डाची परीक्षा. तिची रेसिडन्सी माझ्या नोकरीवर, ती गेली की पोरीला इथून जावा लागल. आनी मी साठीच्या पुढचा. आमची नोकरी साल-साल करून चालू हाय."

म्हणजे असं होतं. पाय गेले म्हणून माणसाने काठी घेतली, आणि काठी का घेतली हे कुणी विचारू नये म्हणून कोट शिवला, रुमाल बांधला, सात काठ्या जमवल्या आणि सगळं पॅरिस उभं केलं. लोक वेडा म्हणाले तर चालेल, लंगडा म्हणायला नकोत.

मी कबूल केलं. आता माझी गंमत बघा. मी अशी बाई की हॉलमध्ये पाल दिसली तर सोसायटीला कळतं. आमचे हे म्हणतात, "तुला गुपित सांगण्यापेक्षा पेपरात द्यावं, स्वस्त पडतं." आणि मी हे पोटात घेऊन हिंडायला लागले. सर जिना चढताना दिसले की मी मोजायची, एक, दोन, तीन. धुतलेली फरशी दिसली की ती पुसायला शिपायाला हाक मारायची. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर कुठेही बाक पडला की मी जागेवरून उठायची. यांना सांगितलं नाही. रात्री नीट झोपायची नाही आणि यांना वाटायचं, बाईला चाळिशी भोवतेय.

नोव्हेंबरात तक्रार आली. नववीतल्या एका मुलाचे वडील, मूळचे खेडच्या बाजूचे, इथे एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर. मुलाने घरी सांगितलं होतं, "सर ब्रॉट अ न्यू स्टिक टुडे." वडिलांनी पुढचं काही विचारलं नाही. त्यांनी त्यांची शाळा पाहिली होती. मास्तरने आज नवीन काठी आणली याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

प्रिन्सिपल मॅडम केरळच्या, पालक कोकणातले, सर कोकणातले, म्हणून मध्ये भाषांतराला मला बसवलं. पालक खुर्चीच्या टोकावर बसले होते. तक्रार करायला आलेला धट्टाकट्टा माणूस, सर आत आल्याबरोबर ताडकन उठला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. बोटं मुठीत मिटलेली.

"सर, मी तुमच्याविरुद्ध नाय," तो म्हणाला. "पण माझ्या पोराच्या अंगाला काठी नको. मी खाल्ली तेवढी बास झाली. अजून थंडीत ही दोन बोटं वळत नाय."

"मी आजवर कुणाला मारलं नाही हो," सर म्हणाले.

"मग काठी कशाला, सर?"

सरळ प्रश्न होता. मी भाषांतर केलं. मॅडमनी तोच प्रश्न पुढे नेला: "सर, इज इट मेडिकल?" मेडिकल असेल तर डॉक्टरांचं पत्र द्या, फाइलला लावू, मॅनेजमेंटला कळवू, काठी चालेल. नसेल तर आवारात काठी आणायची नाही, नियम नियम आहे.

सर माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग रुमाल सारखा करून म्हणाले, "नाही मॅडम. शोभेची आहे."

"देन प्लीज, कीप द शोभा ॲट होम," मॅडम चांगल्या बाई होत्या, हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर गाडीतून रिकाम्या हातांनी उतरले. गाडी ते गेट बारा पावलं. त्यांनी आधी गाडीचं दार धरलं, मग टप, मग बॉनेट, मग हवेत एक हात तसाच राहिला. मी माझी टिफिनची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दुसरा बंद मी धरला. आम्ही दोघं ती अर्धा किलोची पिशवी मिळून उचलून नेताना गार्डने बघितलं आणि मला वाटतं त्या दिवशी त्याने मला बढती दिली.

असं रोज कसं चालणार? लायब्ररीत कपाटामागे जुने भिंतीचे नकाशे होते, कापडाचे, लाकडी दांड्यावर गुंडाळलेले. युरोपचा नकाशा चांगला पाच फुटी. मी तो सरांच्या नावावर चढवला. इतिहासाचा मास्तर हातात नकाशा घेऊन फिरतोय यात कुणाला काय वाटणार? सर दांडा टेकत वर्गात जायचे, मधल्या सुट्टीत टेकत यायचे. गुंडाळी खालून फाटायला लागली. पोर्तुगाल झिजत चालला होता. मी चिकटपट्टी लावायची आणि दार लागलंय ना ते बघायची. चोरी पकडली गेली तर माझीही नोकरी होती, आणि आमच्या घराचं इथलं भाडं त्या नोकरीवर होतं. पण तेव्हा मला त्याची भीती कमी आणि जिन्याची जास्त वाटत होती.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी कॅलेंडरवर आठवडे खोडत होते, परीक्षा माझीच असल्यासारखी.

फेब्रुवारीत एका सकाळी दुसऱ्या तासाला घंटा वाजायला लागली आणि थांबेना. आगीची कवायत. नियम सगळ्यांना पाठ: हातातलं सगळं जागेवर टाकायचं, रांगेत उतरायचं, मैदानात जमायचं, हजेरी द्यायची. माझ्याकडे लायब्ररीत चौथीची तीस मुलं होती. मी त्यांना मैदानात नेलं, उभं केलं, आणि दुसऱ्या मजल्याकडे बघत राहिले. हातातलं सगळं टाकायचं. म्हणजे नकाशाही.

सहावी आली. दहावी आली. नववी ब आली, शिस्तीत, दोन रांगांत, मॉनिटर पुढे. सर नव्हते.

"व्हेअर इज सर?" मॅडमनी विचारलं.

"कमिंग, मॅम," मॉनिटर म्हणाला. "ही टोल्ड अस टू गो."

एक मिनिट झालं असेल. मला दहा वाटली. मला जिन्याच्या वळणावर तो हिरवा कोट पडलेला दिसायला लागला. मला तो आवाज ऐकू आला, जो आलेलाच नव्हता. मॅडम हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि मी, शेकडो मुलांसमोर, सगळ्या स्टाफसमोर, सप्टेंबरापासून पोटात धरलेलं ओरडले: "मॅडम, कुणाला तरी वर पाठवा. त्यांच्या पायांना काही कळत नाही. ते पडले असतील."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि सर दारातून बाहेर आले.

ताठ. हळू. हात रिकामे. बाथरूममध्ये कुणी मूल राहिलं का ते बघायला ते मागे थांबले होते. शेवटच्या शिक्षकाने ते बघायचं असतं. दोन मजले कठडा धरून उतरले होते, एकही पायरी न चुकता. इतक्या वेळात ते पडले नव्हते. त्यांना पाडलं ते मी.

मॅडमनी सरांना आपल्या केबिनमध्ये नेलं. मी लायब्ररीत येऊन कपाटाला टेकून उभी राहिले. बसायची लाज वाटत होती.

दहा मिनिटांनी दार उघडलं. सरांची मुलगी. मैदानात तीही होती, बारावीच्या रांगेत. मला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं.

"आंटी, तुम्हाला कधीपासून माहीत?" तिने विचारलं. ही मुलं मराठीत सुरू करतात आणि इंग्रजीत संपवतात.

"सप्टेंबरपासून. पण अगं मी तुला..."

"आय नो सिन्स लास्ट रमझान," ती म्हणाली. "अब्बा दुपारी झोपले की मी त्यांचे पाय बघते. कुठे कापलंय, कुठे फोड आलाय. बूट झाडून ठेवते, आत खडा असला तर त्यांना कळत नाही. आंघोळीचं पाणी मीच काढते. त्यांना वाटतं, मी खूप कामसू आहे."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली, ती बसली नाही.

"ही थिंक्स आय फाउंड आउट टुडे," ती म्हणाली. "तसंच राहू दे. प्लीज आंटी. तुम्ही सांगू नका." आणि मग, थोडं थांबून, जरा अविश्वासानेच, "जमेल ना?"

एवढ्या लहान मुलीने मला असा प्रश्न विचारावा, आणि तो रास्त असावा.

शाळा सुटल्यावर मी गाडी गेटाशी आणली. सर येतील असं वाटलं नव्हतं. ते आले. शिपायाचा हात धरून. मी मागचं दार उघडलं, ते बसले. एअरपोर्टजवळच्या सिग्नलला एक विमान अगदी डोक्यावरून खाली उतरत होतं, ते जाईपर्यंत काचा थरथरत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं पत्र द्यायचं. वर्ग तळमजल्यावर. काठी चालेल. वर्ष संपेपर्यंत नोकरी आहे, पुढे नाही. मार्चात मुलीची परीक्षा, एप्रिलमध्ये परत.

"सर, माझं चुकलं," मी म्हटलं.

आरशात मला त्यांचा रुमाल दिसत होता. तो त्यांनी सोडला होता आणि उघडी मान मी पहिल्यांदा बघत होते, बारीक, सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसाची मान.

"एक मात्र बरा झाला, बाय," ते म्हणाले. घरच्या भाषेत, आणि या वेळी घाबरून नाही. "पोरीला आजपर्यंत कळू नाय दिला मी. दोन वरसा ती निर्धास्त अभ्यास करीत होती. तेवढा तरी साधला मना."

माझे हात स्टिअरिंगवर होते. ते सगळं जिभेवर आलं होतं, पाणी, खडा, दुपारची झोप, सगळं. माझ्यासारख्या बाईच्या जिभेवर. मी आरशातून नजर काढून रस्त्यावर लावली.

"हो सर," मी म्हटलं. "तिला काही म्हणजे काही कळू दिलं नाहीत तुम्ही."